निर्धोक पुस्तके

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांस कोणती पुस्तके वाचावयास द्यावी, असा प्रश्न सुशिक्षित घरांतील पालक वारंवार विचारतात. पुस्तक मनोरंजक असावे, ज्ञानात भर घालणारे असावे आणि निर्धोक असावे, अशी त्यांची अपेक्षा असते. पहिल्या दोन गोष्टींविषयी मतभेद संभवत नाही. तिसरीचा मात्र विचार व्हावयास पाहिजे. निर्धोक म्हणजे कोणाला निर्धोक? वाचणाऱ्या मुलाला, की वाचावयास देणाऱ्या वडीलमाणसांना? सागरतळाच्या साहसकथा या वयात विशेष प्रिय असतात. म्हणून त्यांतीलच एका सुप्रसिद्ध कथेच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराची, इंग्रजीत 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या नावाने परिचित असलेली कादंबरी 1869 व 1870 या सालांत पॅरिसच्या एका पाक्षिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मुलांचे शिक्षण व मनोरंजन या दोहोंसाठीच हेत्झेल या प्रकाशकाने ते पाक्षिक चालविले होते. शीर्षकातील वीस हजार लीग ही समुद्राची खोली, असा पुष्कळांचा समज असतो. व्हर्नची लीग चार किलोमीटरांची. तेव्हा हे अंतर 80,000 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या दुप्पट होते, आणि समुद्राची कमाल खोली तर सुमारे 11 किलोमीटर आहे. अर्थात हा पाण्याखालून केलेल्या प्रवासाचा पल्ला होय. विजेवर चालणारी नॉटिलस पाणबुडी, तिच्या काचांतून दिसणारी जलचरांची सृष्टी आणि दक्षिण ध्रुवाकडील बर्फाखालचा प्रवास यांनी मुलाचे मन हरखून जाते. शिफारशीच्या याद्यांत या ग्रंथास स्थान मिळते ते बहुधा याच गुणांमुळे.

परंतु या पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो हा निर्धोक मनुष्य नव्हे. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यासाठी तो कट्यार घेऊन शार्कवर धावून जातो, आणि वाचलेल्या त्या मनुष्याच्या हाती मोत्यांची थैली ठेवतो. तुर्की सत्तेविरुद्ध उठलेल्या क्रीटच्या लोकांस तो सोने पाठवितो. हाच नेमो अखेरीस एक युद्धनौका माणसांसकट बुडवितो, ती बुडताना पाहत राहतो, आणि मग आपल्या खोलीत एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो. ती नौका कोणत्या राष्ट्राची, हे ग्रंथकार सांगत नाही.

या मनुष्याचे काय करावे, ही अडचण प्रथम प्रकाशकालाच पडली. व्हर्नच्या मूळ कल्पनेत नेमो हा रशियाच्या जुलमाने ज्याचे कुटुंब नष्ट झाले असा एक पोलिश सरदार होता. रशियातील ग्राहक दुरावतील या भीतीने हेत्झेल यांनी त्यास हरकत घेतली. पुढे 1874-75 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीत व्हर्नने नेमोचे पूर्ववृत्त सांगितले, ते आपल्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल. नेमो हा बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र, राजपुत्र डक्कर. युरोपात शिकलेला, 1857 च्या उठावात लढलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला.

इंग्लंडात या दोन्ही ग्रंथांची जी भाषांतरे प्रथम रूढ झाली त्यांची हकीकत उद्बोधक आहे. मर्सिए नामक धर्मोपदेशकाच्या 1872 च्या भाषांतरात पहिल्या ग्रंथाचा जवळजवळ पाव भाग गळाला. किंग्स्टन यांच्या नावावर निघालेल्या दुसऱ्या ग्रंथाच्या भाषांतरात तर डक्करची कहाणीच फिरविण्यात आली. इंग्रजांनी हिंदुस्थानात शांतता व सुबत्ता आणली होती आणि अडाणी प्रजेस महत्त्वाकांक्षी राजांनी भर दिली, असा मजकूर व्हर्नच्या तोंडी घालण्यात आला. या भाषांतरांचे हक्क केव्हाच संपले असल्यामुळे ती स्वस्त आवृत्त्यांतून आजही छापली जातात. आपल्याच देशाच्या उठावाविषयीचा हा मजकूर आपली मुले अभिजात ग्रंथ म्हणून वाचतात, आणि पुस्तक निर्धोक आहे म्हणून आपण निश्चिंत असतो!

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नेमोचा द्वेष जसाच्या तसा मुलापुढे ठेवला तर सूड हाच पुरुषार्थ, असे त्याला वाटणार नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. पित्याच्या वधाने वेडा झालेला अश्वत्थामा रात्री निजलेल्या द्रौपदीपुत्रांस मारतो, आणि कपाळीची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरतो, ही कथा आपल्याकडे आजीच्या मांडीवर बसणारी मुलेही ऐकत आली. तेवढ्याने ती क्रूर झाली असे कोणी म्हणणार नाही. त्यांना अश्वत्थाम्याचे कृत्य घोर वाटते आणि त्याची कीवही येते. या दोन भावना एका मनात एकत्र नांदू शकतात, हे मुलास मोठ्यांच्या आधीच कळलेले असते. व्हर्ननेही नेमोचे कृत्य गोड करून सांगितलेले नाही. नेमोच्या विद्वत्तेवर लुब्ध असलेला निवेदक प्राध्यापक ॲरोनॅक्स तो संहार पाहून हादरतो आणि त्याच्यापासून दूर होऊ इच्छितो.

याउलट बॅलंटाइनचे 'कोरल आयलंड' पाहा. 1857 च्या सुमाराच्या या पुस्तकात तीन इंग्रज मुले प्रवाळबेटावर राहतात, पाण्यात बुडी मारून गुहेत शिरतात. सर्व काही प्रसन्न व उत्साही आहे. परंतु तेथे चांगुलपणा गोऱ्या ख्रिस्ती माणसांच्या वाट्याला आणि क्रौर्य बेटावरील काळ्या लोकांच्या वाट्याला, अशी वाटणी अगोदरच झालेली आहे. ग्रंथकाराने ती बेटे पाहिलेलीही नव्हती. हे पुस्तक वाचून मुलाला एकही अवघड प्रश्न पडत नाही, आणि आमच्या मते धोका आहे तो येथेच.

सर्वच पुस्तके सर्व मुलांस द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. क्रौर्य चवीने रंगविणारे लेखन दूर ठेवणे उचितच होय. मुलांसाठी लांब ग्रंथ आटोपशीर करणे हाही अपराध नव्हे, भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या भेटीस आणला, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहो. पण वर्णने आटोपती घेणे निराळे आणि माणूस असा का झाला याचे कारण कापून टाकणे निराळे. कारण कापले की नेमोचा केवळ एक विक्षिप्त दर्यावर्दी उरतो.

म्हणून दोन्ही कादंबऱ्या एकापाठोपाठ द्याव्या, आणि इंग्रजीतून द्यावयाच्या तर संपूर्ण भाषांतरे पाहून घ्यावी. 'मिस्टीरियस आयलंड'ची तशी भाषांतरे 2001 साली निघाली आहेत. पालकांनी त्या स्वतः आधी वाचाव्या. मूल केव्हातरी विचारील, नेमो चांगला की वाईट? त्या वेळी झटपट उत्तर देऊन त्याची बोळवण करू नये. त्याच्याबरोबर बसून विचार करावा. आणि तो करताना आपल्याही मनाची थोडी ओढाताण झाली, तर ती होऊ द्यावी.