आरोग्य हे पुण्य आहे काय?

कोल्हापुराहून आंबा घाटाच्या रोखाने निघाले म्हणजे घाटापूर्वी मलकापूर लागते. विशाळगडच्या जहागिरीचे हे एके काळचे ठाणे. आज कोकणात उतरणाऱ्या वाहनांचा येथे क्षणभर विसावा. या रस्त्यावरच गूळ वाहणाऱ्या एका ट्रकवर माझ्या ओळखीचे दोन ड्रायव्हर आळीपाळीने चाक धरीत असत. दोघांचे वय सारखे, व्यसने सारखी, आणि ज्या वाटांचा उच्चार चारचौघांत होत नाही त्या वाटाही सारख्याच. पैकी एकास एड्स झाला व तो २००३ साली वारला. दुसरा धडधाकट आहे. गावच्या सप्ताहात वीणा त्याच्या गळ्यात असतो.

मयताच्या घरी मी भेटीस गेलो तेव्हा ओटीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी एकाच वाक्यात निकाल दिला : ‘ज्याचे कर्म त्याला.’ कोणी प्रतिवाद केला नाही. मीही केला नाही. तोवर तपासणीत त्याची पत्नीही बाधित निघाली होती, आणि तिच्या कर्माची चौकशी कोणी केली नाही, कारण तिचे कर्म काय हे सर्वांस ठाऊक होते : ती त्या घरात सून म्हणून आली होती. तिने चहा आणला. पोट ठीक नाही असे सांगून मी तो परत पाठविला. माझे पोट उत्तम होते. कपबशीने हा रोग पसरत नाही हे मी पुस्तकात वाचलेही होते. परंतु वाचलेले हातापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो.

त्या वृद्धांच्या वाक्यातला हिशेब खरा आहे काय, हा प्रश्न मला पुढे फार दिवस छळीत राहिला. आणि त्याचे काही उत्तर मला धर्मग्रंथांत न मिळता शरीरशास्त्रात मिळाले. आपल्या रक्तातील काही रक्षक पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळे ग्राही असतात. शरीरात कोठे दाह झाला म्हणजे तेथून सुटलेले रासायनिक निरोप हे ग्राही झेलतात व त्या खुणेवर पेशी धाव घेते. त्यांपैकी एकाचे नाव सीसीआर-५. त्याचे जनुक आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर असते. १९९६ साली असे उघडकीस आले की, एड्सचा विषाणू बहुधा याच दाराने आत शिरतो. सीडी-४ नावाच्या दुसऱ्या एका ग्राहीस तो प्रथम बिलगतो आणि मग सीसीआर-५ चा आधार घेऊन पेशीत उतरतो. पहारेकऱ्याची निरोप घेण्याची खिडकीच चोराची वाट ठरली.

त्याच वर्षी दुसरीही गोष्ट कळली. काही माणसांच्या या जनुकातून ३२ अक्षरे गळालेली असतात. मायबाप दोघांकडून असे खंडित जनुक आले, तर ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही, आणि विषाणूच्या नेहमीच्या जाती दाराविना बाहेरच राहतात. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे एकाजवळ हे दुहेरी व्यंग आहे. आपल्या देशात ते अतिशय विरळ. म्हणजे ज्यास आपण अभेद्य आरोग्य म्हणू, ते येथे एका तुटक्या जनुकाचे देणे आहे. त्या भाग्यवंताने कोणते व्रत केले? बरे, हेच व्यंग असलेल्या माणसास वेस्ट नाइल नावाचा विषाणूजन्य ज्वर झाला तर तो अधिक उग्र होण्याचा संभव असतो, असे पुढे दिसून आले. एकाच माणसाचे तेच जनुक एका साथीत पुण्य आणि दुसरीत पाप ठरावे, असा जमाखर्च कोणत्या चित्रगुप्ताने लिहिला असेल?

बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राऊन नावाच्या एड्सग्रस्तास रक्ताचा कर्करोगही झाला. त्यासाठी २००७ मध्ये त्यास जो मज्जापेशींचा दाता निवडला, त्याच्या अंगी हे दुहेरी व्यंग होते. दोन वेळा रोपण झाले आणि त्याच्या शरीरातून विषाणू नाहीसा झाला. कोणा अनोळख्याचे जन्मजात न्यून याचे आरोग्य झाले! २०२० साली तो वारला, पण कर्करोग उलटल्याने. उलट २०१८ मध्ये एका चिनी शास्त्रज्ञाने गर्भावस्थेतच हे जनुक मोडून जुळ्या मुली जन्मास घातल्या, व पुढील वर्षी त्यास तुरुंगवास झाला. मुलींचा बाप बाधित होता. तथापि मूल निरोगी जन्मावे म्हणून एवढ्या उपद्व्यापाची मुळीच आवश्यकता नव्हती.

यावर कोणी म्हणेल, मग आचरणाची जबाबदारी कोठे राहिली? ती जेथल्या तेथे आहे. त्या दोघां ड्रायव्हरांचा दोष असेल तर तो समान आहे. जे बोलायचे ते दोघांसही बोलले पाहिजे. आमच्या दुसऱ्या ड्रायव्हराचे जनुक खंडित होते असे मी मुळीच म्हणत नाही. संसर्गाच्या प्रत्येक प्रसंगी विषाणू घर करतोच असे नाही, एवढ्या यदृच्छेवर तो सुटला असेल. पण सुटला तो सज्जन आणि सापडला तो पापी, हा न्याय नव्हे. हा सोडतीचा निकाल आहे, आणि त्यावर आपण नीतीचा शिक्का मारतो.

पूर्वजन्मीचे कर्म मानणारा अजून हटणार नाही, आणि त्याचे मत खोडून काढण्याचे साधन माझ्यापाशी नाही. मात्र हे तत्त्व कोण कोणाविषयी उच्चारतो ते पाहावे. स्वतःच्या नातवास ताप आला तर ते ओटीवरचे गृहस्थ कर्मविपाक उलगडीत बसत नाहीत, कोल्हापूरची पहिली एसटी गाठतात. ‘माझे भोग’ हे शब्द त्या विधवेनेही उच्चारले होते. तिच्या मुखी ते धैर्य होते. दुःख गिळण्याचा तो तिचा मार्ग. तेच शब्द शेजाऱ्याने उच्चारले की त्यांचा अर्थ इतकाच उरतो की आता मला उठण्याचे कारण नाही. त्या दिवशी मी ओटीवर बसूनच राहिलो होतो.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने या रोगाची औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. बाधितास पंक्तीबाहेर काढण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई झाली, जरी पंक्ती कायद्याने बसत नसते. बाई औषधे घेतात. महिन्याच्या ठरल्या दिवशी कोल्हापुरास जाऊन येतात. धाकट्या मुलाची तपासणी निर्दोष निघाली होती. तो आता स्वतः गाडी चालवितो.

गेल्या पावसाळ्यात त्या घरी पुन्हा जाण्याचा योग आला. बाहेर धुके इतके की समोरचा रस्ता दिसेना. बाईंनी न विचारता चहा टाकला, कप माझ्या पुढ्यात ठेवला, आणि चुलीकडे वळता वळता म्हणाल्या, ‘‘भावजी, पोट बरं हाय न्हवं आता?’’