वाकळ मांडताना

सदलगा, चिकोडी, निपाणी या दूधगंगा-वेदगंगेच्या टापूत ज्या पांघरुणाला मराठी घरात वाकळ म्हणतात, त्यालाच शेजारच्या कन्नड घरात कौदी म्हणतात. तिच्या टाक्यांचे कौतुक सारेच करतात. मांडणीचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः वाकळीचे बरेवाईट पहिला टाका पडण्याआधीच ठरून गेलेले असते.

पाश्चात्त्य देशांत हाताने रजई शिवताना लाकडी चौकट वापरण्याची रीत आहे. अस्तर, मधला कापसाचा थर आणि वरचे कापड चौकटीच्या दांड्यांवर ताणून घेतात. आपल्याकडे सारवलेली जमीन हीच चौकट. तळाशी जुने लुगडे अंथरायचे, त्यावर धोतरा-सदऱ्यांची जुनेरे पसरायची, वर दुसरे लुगडे घालायचे. कोपऱ्यांवर दगड ठेवून दोघी-तिघींनी कडा गुडघ्यांखाली दाबून बसायचे; कच्चे टाके घालून झाले, की काठापासून आत आत धावदोरा घालीत जायचे.

साधने निराळी असली, तरी नियम एकच. एक थर ताणलेला आणि दुसरा सैल असताना टाके पडले, तर कडा दाबून धरलेल्या असेपर्यंत काहीच कळत नाही. दगड उचलले, की ताणलेले कापड आक्रसते आणि सैल कापडाला चुण्या पडतात. चुणी तळाशी असेल, तर शिवणारीला ती दिसतही नाही. पांघरणाऱ्याच्या अंगाला मात्र बोचत राहते.

माणसांना एकत्र ठेवण्याचा प्रश्न याहून फारसा वेगळा नसावा. एखादे कुटुंब एकसंध आहे म्हणून आपण वाखाणतो, तेव्हा त्यातील कोण किती ताणले गेले आहे, हे आपण विचारतो का? बहुधा कोणा सुनेने सारे सोसलेले असते आणि बाकीचे सैल राहिलेले असतात. वडीलधाऱ्यांचा हात निघाला, की चुण्या दिसू लागतात. आणि आपण दोष देतो तो काळाला.

सीमाभागातील वाचकाला हे विस्ताराने सांगायला नको. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि 2004 साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. रेषा कोठे असावी, हा न्यायालयाचा विषय. तिच्या दोन्ही अंगांच्या भाषांवर सारखाच ताण पडतो का, हा मात्र आपला, शेजाऱ्यांचा विषय आहे.

मग ताण नसावाच का? तसे नाही. ताणाशिवाय थर सरकतात, गोळा होतात. अतिताणात सुई चालत नाही, म्हणून चौकटीवरचे कापडही थोडे ढिले ठेवतात. ताण हवा, पण तो सर्वांना सारखा आणि सुईला वाट देणारा हवा. चौकटीवर शिवणारी स्त्री एक हात सतत कापडाखाली ठेवते. आपल्या बायका कड उचलून तळ चाचपतात. एकोप्याचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने टाका घालण्यापूर्वी एवढे तरी करावे. तळाशी कोण आहे आणि तो किती ताणला गेला आहे, हे हात खाली घातल्यावाचून कळत नाही.