गरज आणि खुदगर्जी

हळद शिजली, वाळली, ढोलात घासून निघाली आणि वसमतच्या मोंढ्यात विकली गेली, की हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या घरांत वर्षभर मागे ठेवलेल्या गोष्टी वर येतात. कुणाचे देणे, कुणाचे लग्न, घरावरचे पत्रे. अलीकडे या यादीत मोबाईलही आला आहे. आमच्या घरातल्या जुन्या फोनने मान टाकली, तेव्हा आम्ही तिघे पुरुष नवा फोन घ्यायला निघालो.

दुकानदाराने विचारले, "बजेट किती? आणि तुमची गरज काय?" दुसरा प्रश्न आम्हाला आवडला. जाहिरात पाहून नव्हे, काम पाहून फोन घ्यावा, हेच खरे. भर उन्हात वाचता येईल असा पडदा, लाईट गेली तरी दिवस काढील अशी बॅटरी, शिवारात रेंज धरण्याची ताकद, साठवायला पुरेशी जागा आणि पुढे किती वर्षे सुरक्षेचे अपडेट मिळणार याची खात्री. कॅमेरा यानंतर. या कसोट्यांत चूक काहीच नाही. चूक होती ती 'तुमची' या शब्दात. दुकानात आम्ही तिघे होतो. फोन लागणारी माणसे घरात सहा.

गरज हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मुळात त्याचा अर्थ हेतू, मतलब. उर्दूत त्याच्या आधी 'खुद' लावला की 'खुदगर्ज' होतो, म्हणजे स्वार्थी. आपली गरज आणि आपला स्वार्थ यांच्यात अंतर किती थोडे आहे, ते या शब्दातच दिसते. आमच्या बोलीत तर "तेरेकू क्या होना?" या एकाच प्रश्नात गरजही येते आणि हौसही. मराठीतले 'पाहिजे' तसेच. भाषा जो भेद करत नाही, तो माणसाने करायचा असतो.

त्या दिवशी आम्ही फोन न घेताच परतलो आणि घरात एकेकाला विचारले. अब्बांचे उत्तर तयार होते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. त्यासाठी धड चालणारा फोन हवा. धाकट्या भावाला तीन कॅमेऱ्यांचा, महागडा फोन हवा होता. मुलीच्या आईला कळमनुरीच्या माहेरी निवांत बोलायचे होते, कुणी फोनसाठी हात पुढे करून उभे नसताना. अम्मी म्हणाली, "मेरेकू क्या होना? आवाज आई तो बस."

मुलगी काहीच बोलली नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती सातवीत होती. सकाळी ग्रुपवर पाठ यायचे आणि फोन आमच्याबरोबर शेतात असायचा. रात्री आम्ही परतल्यावर ती ते उघडायची आणि वाचता वाचता झोपून जायची. त्या वर्षी ती मागे पडली. लोकांना आम्ही सांगत असू, घरात फोन कमी पडतो. खरे तर फोन होता, तिच्यासाठी नव्हता. प्राधान्यक्रम तेव्हाही होता, आम्ही तो कधी उच्चारला नाही एवढेच.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे, की सतत वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच लहान करून घेतो. म्हणून त्याच्या समाधानावरून त्याची स्थिती मोजू नये. 'आवाज आई तो बस' हे समाधान होते, की सवय? पुन्हा पुन्हा विचारल्यावर अम्मी म्हणाली, अक्षर मोठे दिसले तर बरे. खात्यात पैसे आल्याचा मेसेज तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि तिच्या खात्यात किती आहे ते साऱ्या घराला कळे. तिची गरज फोनची नव्हती, थोड्या आडोशाची होती.

शेवटी तीन कॅमेऱ्यांच्या त्या एका फोनच्या किमतीत दोन साधे फोन आले. एक शेतात जातो, एक घरातून हलत नाही. भाऊ दोन दिवस गप्प जेवला. विशीतल्या पोराची हौस म्हणजे काही गुन्हा नव्हे. त्याच्यावर आम्ही अन्याय केला का, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. सर्वांच्या गरजा तोलायच्या म्हटल्यावर तराजू कुणाच्या तरी हातात असणारच, आणि तो आमच्याच हातात होता.

परवा घरातला फोन वाजला. अम्मीने मेसेज उघडला, मोठ्या अक्षरातले आकडे बोटाने वाचले. "किती आले?" आम्ही सवयीने विचारले. ती हसली आणि फोन उशीखाली ठेवून कामाला लागली.