शून्य आणि अनुपलब्धी

पाऊस पडला नाही ही एक गोष्ट आणि पाऊस मोजला गेला नाही ही दुसरी. पहिलीत अभाव कळलेला असतो, दुसरीत काहीच कळलेले नसते. अभाव कसा कळतो यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला. शास्त्रीय ग्रिडमधील आकडे कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवावेत हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

भारतीय हवामान विभागाचे दैनंदिन पावसाचे ग्रिड पुण्यात तयार होते. त्यात १९०१ पासूनची आकडेवारी आहे. अक्षांश-रेखांशांच्या ०.२५ अंशांच्या जाळीवर १३५ गुणिले १२९ बिंदू, म्हणजे रोजचे १७,४१५ आकडे. एक चौकोन साधारण २७ किलोमीटरांचा. खोपोलीजवळचा शिळफाटा १८.७५ उत्तर, ७३.२५ पूर्व या बिंदूच्या चौकोनात येतो. बोरघाट चढून गेल्यावर लागणारे लोणावळे हाकेच्या अंतरावर असूनही शेजारच्या चौकोनात जाते. उलट पायथ्याचे कर्जत आणि त्याहून सुमारे सातशे मीटर उंचावरचे माथेरान एकाच चौकोनात बसतात. त्या चौकोनाचा आकडा ना कर्जतचा, ना माथेरानचा. आसपासच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून, जवळच्या नोंदीला अधिक वजन देऊन तो काढलेला असतो. दर्शनांच्या भाषेत तो प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. किती पर्जन्यमापकांवरून काढला, हे त्या आकड्याकडे पाहून कळत नाही. जिथे किंमतच नाही, उदाहरणार्थ समुद्रावर, तिथे –९९९ लिहिलेले असते.

अक्षांश, रेखांश आणि दिवस असे तीन अक्ष धरले की या आकड्यांचा एक घन तयार होतो. अशा घनाचे चित्र काढण्याच्या व्हॉल्यूम रेंडरिंग या पद्धतीत पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून घनातून किरण सोडले जातात. वाटेतल्या प्रत्येक ठिकाणची किंमत शेजारच्या बिंदूंवरून काढून तिला रंग आणि अपारदर्शकता दिली जाते आणि त्यांची बेरीज पडद्यावर उमटते. आता किनाऱ्याजवळच्या एका बिंदूवर १८ मिलिमीटर पाऊस आणि शेजारी समुद्रावर –९९९ असेल, तर दोहोंच्या मध्यावर गणित –४९०.५ देते. असा पाऊस कुठेही पडत नाही, तरी चित्रात किनाऱ्याला लागून एक खोटी भिंत उभी राहते. ती घालवण्यासाठी –९९९ च्या जागी शून्य भरण्याचा मोह होतो. चित्र सुबक होते, पण जिथे कोणी मोजलेच नाही तिथे कोरडा दिवस दिसू लागतो. ही चूक पहिलीपेक्षा वाईट आहे, कारण ती नजरेला खुपत नाही.

सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट यांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही हे कळते. मात्र या परंपरेने त्याला एक अट घातली: जे दिसण्याजोगे आहे, दिसण्याची सर्व साधनेही हजर आहेत, तेच न दिसले तर त्याचा अभाव सिद्ध होतो. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. पिशाच तर उजेडातही दिसत नाही, म्हणून त्याच्या न दिसण्याने काहीच ठरत नाही. मीमांसेतल्याच प्राभाकरांनी, म्हणजे प्रभाकराच्या अनुयायांनी, हे प्रमाण नाकारले. नैयायिकांनी अभावाला पदार्थ मानले, पण त्याचे ज्ञान प्रत्यक्षानेच होते असे म्हटले. भाट्ट, म्हणजे कुमारिलांचे अनुयायी, आणि नैयायिक यांचा वाद कडवा होता, तरी योग्यतेची ही अट दोघांनीही सोडली नाही.

हवामानाच्या रडारला हीच अट लागू पडते. किरण गेला आणि प्रतिध्वनी आला नाही, तर तिथे पाऊस नाही असे म्हणता येते. डोंगराआड किरण पोहोचलाच नाही, तर काहीच म्हणता येत नाही. समुद्राकडून येणाऱ्या किरणाला सह्याद्रीच्या पलीकडे हा अडथळा नेहमीचाच. युरोपातील हवामान संस्थांनी रडारसाठी ठरवलेल्या एचडीएफ५ या फाइल-प्रकारावर आधारित रचनेत या दोन स्थितींना दोन वेगळ्या खुणा आहेत: एक ‘मोजलेच नाही’ यासाठी, दुसरी ‘मोजले, पण काही आढळले नाही’ यासाठी. त्या रचनेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट म्हणावी लागेल.

सगळ्या फाइल-प्रकारांत इतकी सोय नसते. कच्च्या बायनरी फाइलमध्ये आकड्यांखेरीज काहीही नसते. वरच्या ग्रिडचा एक दिवस म्हणजे ६९,६६० बाइट. कोणता अक्ष आधी, बाइटांचा क्रम कोणता, –९९९ म्हणजे काय, हे सारे बाहेरच्या कागदावर. तो कागद हरवला की आकडे मुके होतात. व्हीटीके या चित्रणाच्या सॉफ्टवेअरच्या साध्या प्रतिमा-प्रकारात आरंभबिंदू आणि अंतर लिहिता येते, त्यामुळे चित्रणाला तो सोयीचा. एकक आणि कालगणना मात्र त्यात आपोआप येत नाही. जागतिक हवामान संघटनेचा ग्रिब हा फाइल-प्रकार आटोपशीर असतो आणि किंमत नसलेले बिंदू वेगळ्या नकाशात नोंदवू शकतो, पण तो आकडे ठरावीक अचूकतेपर्यंत दाबून ठेवतो. नेटसीडीएफ या फाइल-प्रकारात परिमाणे, एकके, रिक्त किमतीची खूण आणि आकड्यांचा इतिहास फाइलच्या आतच राहतो. त्याच्या सीएफ संकेतांनुसार प्रत्येक बिंदूमागे किती निरीक्षणे होती याची जोडनोंदही ठेवता येते. म्हणजे अनुमानाचा हेतू, दर्शनांच्या अर्थाने त्याचा आधार, निष्कर्षासोबत राहतो.

चित्रण झपाट्याने व्हावे म्हणून आकडे पुष्कळदा ८ बिटांत, २५६ पायऱ्यांत उतरवतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शून्य ते ९४४ ही मर्यादा धरली तर एक पायरी ३.७ मिलिमीटरांची होते. हवामान विभाग अडीच मिलिमीटरांपासून ‘पावसाचा दिवस’ धरतो. तो दिवस इथे कोरड्या दिवसात विरून जाऊ शकतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. अशा उतारांचा अभ्यास करणाऱ्याने २७ किलोमीटरांच्या चौकोनाचा आकडा हाच त्या उतारावरचा पाऊस समजणे, किंवा न मोजलेल्या जागी शून्य वाचणे, हा केवळ गणिताचा दोष राहत नाही.

म्हणून मूळ आकडेवारी नेटसीडीएफमध्ये, सीएफ संकेतांसह, रिक्त किमतींची खूण स्पष्ट ठेवून जपावी. चित्रणासाठी लागणारी कच्ची किंवा व्हीटीके प्रत तिच्यातून काढावी, तिच्याबरोबर ‘कुठे मोजले, कुठे नाही’ हे सांगणारा वेगळा घन द्यावा आणि किरणाने तो आधी वाचावा. ८ बिटांची प्रत पडद्यापुरती ठेवावी; तिच्यावरून पावसाबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.