निर्जन कोणास म्हणावे?

कॅनडातील लाब्राडॉरच्या अरण्यांत इन्नू लोक पिढ्यान्‌पिढ्या कॅरिबू हरणांची शिकार करीत आले. १९८० नंतरच्या दशकात गूज बेच्या तळावरून नाटो राष्ट्रांची लढाऊ विमाने सरावासाठी, कधी अवघ्या १०० फुटांवरून, त्यांच्या मस्तकांवरून गर्जत जाऊ लागली. प्रदेश निर्जन आहे, हे समर्थन! १९८८ साली इन्नूंनी धावपट्टीवरच ठाण मांडले.

शिकारीही मुक्या जिवांस भय देतोच, असे कोणी म्हणेल. आम्हांसही ते मान्य आहे. परंतु शिकाऱ्यास आपले भक्ष्य डोळ्यांनी पाहावे लागते. वैमानिकास खालचा मनुष्य दिसतही नाही. जी पीडा आपणांस दिसत नाही, ती आपण दिली असे वाटत नाही. आणि म्हणूनच आम्ही 'निर्जन' हा शब्द जपून वापरावा.