पाच हजारांचं पाप

वसईजवळच्या उमेळ्यातल्या एखाद्या वाडीतून रातोरात केळीचे तीन लोंगर कापून नेले, तर तो गुन्हा किती मोठा? 1 जुलै 2024 पासून याचं उत्तर रुपयांत मिळतं.

त्या दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहेच. पण माल पाच हजारांच्या आतला, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. एवढ्या किमतीची चोरी अदखलपात्रही झाली. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. जुन्या दंडसंहितेच्या कलम 379 मध्ये अशी रेषाच नव्हती.

रेषा धर्मालाही नवी नाही. इस्लामी न्यायशास्त्रात हात तोडण्याच्या शिक्षेसाठी मालाची किमान किंमत, म्हणजे निसाब, ठरलेली आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय उलट चोराकडे पाहतो: जाणत्या शूद्राला आठपट, तर ब्राह्मणाला चौसष्टपट दोष. (वर्णभेदाच्या त्या ग्रंथात हे वाचताना माणूस दचकतोच.)

वसईच्या चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या बायबलात नाथान संदेष्टा दाविद राजाला गोष्ट सांगतो. गरिबाकडे एकच कोकरी. त्याच्या ताटातलं खाणारी, कुशीत झोपणारी. कळपवाल्या श्रीमंताने नेमकी तीच पळवली. बाजारात तिला असा काय भाव आला असता?

कायदा भाव पाहतो, कोकरी कोणाची ते नाही. इथे नाथानचं माप अधिक खरं वाटतं. राहत्या घरातल्या चोरीला मात्र कलम 305 लागतं. तिथे सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि पाच हजारांची सवलत नाही.