आजचा शब्द : शौच



गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवान ज्ञानाची लक्षणं एकेक करून सांगतात. काल आपण आचार्योपासना पाहिली, त्याच्या लगेच पुढे येतो शौच. ज्यांना हसू आलं त्यांनी आधी हसून घ्या, शौचालयाने या शब्दाची पार वाट लावली आहे. मूळ अर्थ निर्मळपणा, आतला आणि बाहेरचा. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत हा शब्द पुन्हा येतो, सतराव्यात शरीराच्या तपात येतो. एकदा सांगून भागेल असं देवालाही वाटलेलं दिसत नाही.

एका वाचक मुलीने दोन प्रश्न पाठवलेत. बहिणीला बाळ होणार आहे, त्याच्यासाठी ती नाम घेत घेत गोधडी शिवणार आहे. कटपीसचे छोटे छोटे तुकडे जमवलेत, ते शिवण्याआधी धुवायलाच हवेत का? आणि दुसरा प्रश्न: जप सुरू केल्यापासून राग उलट जास्त येतोय, तर जप थांबवू का?

आधी गोधडी. आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्या लुगड्यांनी शेकडो धुण्या पाहिलेल्या असायच्या, आटायचं ते आटलेलं, जायचा तो रंग गेलेला. कोऱ्या कापडाचं तसं नसतं. मागावर सूत ताणून धरलेलं असतं, वर खळ चढवून इस्त्री केलेली असते. पहिलं पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड आटतं. सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आत येतं. सगळे तुकडे सारखे आटले तर काही बिघडत नाही, पण एक आटतो आणि शेजारचा आटत नाही. मग टाक्याच्या जागी चुण्या पडतात, चौकोन ओढला जातो. त्यातच एखादा गडद लाल किंवा निळा तुकडा असेल, तर पहिल्या धुण्यात शेजारच्या पांढऱ्याचं काय होतं ते सांगायला नको.

तेव्हा बाळासाठी असेल तर धूच. बाळ ती कड तोंडात घालणार, खळ आणि रसायन पोटात कशाला? फक्त छोटे तुकडे मशीनमध्ये टाकू नकोस. कडांच्या दशा निघतात, एकमेकांत गुंता होतो आणि हातात दोऱ्यांचा पुंजका येतो. चारही कोपरे कात्रीने जरासे तिरके छाटून घे, दशा कमी सुटतात. परातीत कोमट पाणी, चार थेंब सौम्य साबण, एका रंगाचे तुकडे एकत्र. चोळायचं नाही, तळहाताने दाबायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचं. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत वाळवायचं आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री टेकवायची, ओढायची नाही. गडद तुकड्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघ. रुमालाला रंग लागला तर अजून एक पाणी हवं. तरीही रंग सुटतच राहिला, तर तो तुकडा कितीही सुंदर असो, या गोधडीत नको. माप खूप झाल्यावर घ्यायचं, हे वेगळं सांगत नाही. आधीच कापून मिळणाऱ्या अगदी अरुंद पट्ट्या असतील तर त्या मात्र धुवू नयेत, त्यांच्या नुसत्या दशाच उरतात. न धुता शिवणारेही पुष्कळ आहेत, त्यांना नंतर येणाऱ्या सुरकुत्या आवडतात. तेही चालतं. पण अर्धे धुतलेले आणि अर्धे कोरे, हे मात्र नको.

आता यातली एक गोष्ट बघा. रंग सोडणाऱ्या तुकड्याचं स्वतःचं फारसं काही जात नाही. डाग पडतो शेजारच्यावर. माझ्या मते शौच या शब्दाचा अर्धा अर्थ इथेच आहे. ऑफिसमध्ये मुरवलेला राग घरी आईवर सुटतो. जुन्या नात्यातली कडवट चव नव्या नात्याला लागते. स्वतःला पवित्र वाटावं म्हणून मन धुवायचं नसतं, आपल्याला कुणाच्या तरी शेजारी शिवलं जायचं असतं म्हणून धुवायचं.

निर्मळपणाच्या नावाखाली आपल्याकडे याच्या नेमकं उलटंही झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. सोवळं म्हणजे इतरांना दूर ठेवण्याचं हत्यार झालं. चोखोबांना देवळात जाता आलं नाही. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी वेचून पंढरीला कोणी आणल्या? परंपरा सांगते, नामदेवांनी. जन्माने शिंपी! महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, तिथेच नामदेवांची पायरी आहे. दोघं शेजारी शेजारी.

आणि याच नामदेवांना गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं ठरवलं होतं. देवाशी बोलणारा भक्त, पण पहिलं पाणी लागलं नव्हतं. नामदेव रागावले, दुखावले. मग विसोबा खेचरांकडे गेले. आपल्याला कथेतला शेवट पाठ असतो, मधला तो राग मात्र आपण चटकन ओलांडून जातो.

म्हणून ताई, तुझा दुसरा प्रश्न. परातीतलं पहिलं पाणी सर्वात गढूळ असतं. तो रंग पाण्याने आणलेला नसतो, कापडातच होता. ते पाणी पाहून घाबरून तुकडा बाहेर काढलास, तर रंग आतच राहील आणि पुढे बाळाच्या दुपट्यावर उतरेल. जप थांबवू नकोस. पण एकदम सोळा माळांचा हट्टही नको, तो मशीनचा मार आहे. एक माळ, रोज, हलक्या हाताने. राग आला तर त्या दिवशी तो कुणावर सुटतोय एवढंच बघ. शक्य असेल तर तेवढा वेळ त्या माणसापासून जरा लांब राहा, रंग सुटणारा तुकडा आपण वेगळ्या परातीत ठेवतो तसं.

बाळ यायला अजून वेळ आहे ना? मग तुकडे शनिवारी धू, रविवारपर्यंत वाळतील. गोधडी झाली की फोटो पाठव.

उद्याचा शब्द स्थैर्य.